हात मांडीखाली ठेवा

माझ्या जिभेच्या डाव्या कडेवर एक व्रण होता आणि तो दुखत नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी तेवढंच कळायची गरज असेल. त्यांनी पुढचं वाचत बसू नये. उठून आरशासमोर जावं, दिवा लावावा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा नीट बघाव्यात. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मी स्वतः तोंडाची आणि जबड्याची सर्जन आहे. मुलुंडला माझा दवाखाना आहे आणि आठवड्यातले काही दिवस मी एका डेंटल कॉलेजात एमडीएसच्या मुलांना सर्जरी शिकवते. आडव्या अक्कलदाढा काढणं, मोडलेले जबडे तारांनी बांधणं, संशयास्पद जागेचा तुकडा काढून तपासायला पाठवणं, हे माझं रोजचं काम. मुलं मला घाबरतात. मी ओरडते, हे खरं आहे. पेशंटच्या तोंडात आरसा घालण्याआधी त्याचं नाव विचारलं नाही, तर मी सगळ्या विभागासमोर त्या मुलाची सालं काढते. घरीही फार वेगळी नाही. माझा नवरा मकरंद ट्रॉम्बेहून निवृत्त झालेला इंजिनिअर. तीसेक वर्षांच्या संसारात आमचं भांडण झालं नाही असा दिवस शोधावा लागेल.

तर या मुलांना मी तोंडी परीक्षेत हमखास एक प्रश्न विचारते. तोंडात व्रण आहे, शेजारचा दात टोचतोय, काय कराल? उत्तर ठरलेलं आहे. दात गुळगुळीत करायचा, दोन आठवडे वाट बघायची, नाहीच भरला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

माझ्या व्रणाशेजारची दाढ जरा टोकदार होती. सकाळी दवाखान्यात कोणी यायच्या आत मी आरशात बघत स्वतःच ती घासून टाकली आणि दोन आठवडे मोजायला लागले. व्रण भरला नाही. मग वाटलं, टूथपेस्ट झोंबत असेल. टूथपेस्ट बदलली आणि दोन आठवडे नव्याने सुरू केले. मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या आणि पुन्हा पहिल्यापासून दोन आठवडे. नियम मी मोडला नव्हता, नुसता पुढे ढकलत होते. एखाद्या पेशंटने मला हे ऐकवलं असतं तर मी त्याला खुर्चीतून उठू दिलं नसतं. पण या खुर्चीत मी होते, आणि मला अडवायला कोणी नव्हतं.

जीभ मात्र स्वस्थ बसत नव्हती. बोलताना, गाडी चालवताना, दुसऱ्याची दाढ काढतानासुद्धा ती त्या दाढेवर जाऊन घासत राहायची. व्रणाखाली काहीतरी टणक लागत होतं. टणक म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं.

शेवटी मकरंदनेच पकडलं. जेवताना म्हणाला, “तू हल्ली सगळं उजव्या बाजूनेच चावतेस.”

“काहीतरी काय.”

“अगं, भाकरीसुद्धा. तोंड उघड बघू.”

स्वयंपाकघरात मोबाइलच्या टॉर्चमध्ये त्याने माझी जीभ बघितली. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण त्याचा चेहरा उतरला.

“हे काय आहे गं?”

“दाढ लागलीय.”

“कधीपासून?”

मी ताट उचलून बेसिनकडे निघाले.

“शुभा, तू सांगतेस की तुझ्या कॉलेजातल्या पोरांना विचारू?”

धमकी बरोबर लागली. मी रेश्माला फोन केला.

हात

रेश्मा माझी जुनी विद्यार्थिनी. कोकणातलं कुटुंब, आजोबा गिरणीत होते, बोरिवलीच्या चाळीत वाढलेली मुलगी. माझ्या हाताखाली एमडीएसची तीन वर्षं काढली, मग तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियांचं पुढचं शिक्षण घेतलं, आणि आता घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात तिचा स्वतःचा विभाग आहे. माझ्यापेक्षा या कामात ती दहा पावलं पुढे आहे, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगायचे. तिच्या खुर्चीत आडवं होताना मात्र तो अभिमान कुठे गेला कोण जाणे.

आम्ही सगळे दातांचे डॉक्टर पेशंटला एक वाक्य सांगतो: दुखलं तर डावा हात वर करा. तोंडात हत्यारं असतात, बोलता येत नाही, म्हणून हात. रेश्मानेही सवयीने मला ते सांगितलं. मग भुलीचं इंजेक्शन दिलं. जीभ बधिर झाली. मला काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

पण वरच्या दिव्याच्या काचेत माझं स्वतःचं तोंड दिसत होतं. हजारो पेशंटांना मी “वर बघू नका” म्हणून सांगितलं, आणि आता मीच वर बघत होते. रेश्माने ब्लेड व्रणाच्या कडेला लावलं. खोल जाणार होती ती, कडेचा जाड भाग घेऊन थोडी चांगली जागाही घेणार होती. अगदी बरोबर चाललं होतं. आणि मी हात वर केला.

ती थांबली.

दुखत नव्हतं. मला भीती वाटली होती, बस. पण आमच्या विभागात माझा हात वर गेला की त्याचा अर्थ एकच: थांब, चुकतंयस. तीन वर्षं ती त्या हाताला थांबत आली होती. मी बोटाने खूण केली, इथून घे, छोटासा. तिने माझ्याकडे बघितलं, मग मी दाखवलेल्या मधल्या जागेवरून वरवरचा एक तुकडा घेतला आणि एक टाका घातला. तिचे डोळे मास्कच्या वर अस्वस्थ दिसत होते. मला ते दिसलं आणि मी दुर्लक्ष केलं.

रिपोर्ट आला: पाठवलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसत नाही. खाली एक ओळ होती की तुकडा लहान आणि वरवरचा आहे, त्यावरून खात्री देता येत नाही. ती ओळ मी मुलांना नेहमी आधी वाचायला लावते. या वेळी मी वरची वाचली आणि कागद मिटला. मकरंदने श्रीखंड आणलं. आम्ही दोघं वाटी चाटून पुसून खात होतो तेव्हा बेल वाजली.

दारात रेश्मा. फोन न करता घाटकोपरहून मुलुंडला आली होती. चपला काढल्या, पण बसली नाही.

“मॅडम, पुन्हा घ्यायचाय तुकडा.”

“रिपोर्ट वाचता येतो ना तुला?”

“येतो. तुम्हीच शिकवलाय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तू शिकलीस कुठे, तुला हात धरून टाका घालायला कोणी शिकवलं, हे सगळं काढलं. ती उभीच. डोळ्यांत पाणी होतं, पण हलली नाही.

“चूक माझी झाली,” ती म्हणाली. “तुम्ही हात वर केलात आणि मी थांबले. दुसरा कोणी पेशंट असता तर मी विचारलं असतं, दुखतंय का? नसतं दुखत, तर पुढे गेले असते. तुम्हाला विचारलंच नाही. घाबरले मी.”

“म्हणजे माझ्यामुळे झालं?”

“हो, तुझ्यामुळे,” मकरंद म्हणाला. श्रीखंडाची वाटी हातात तशीच होती. “ती काय म्हणतेय ते ऐक ना यार, एकदा तरी.”

मी आत गेले, दार आपटलं, पलंगावर बसले. मला कळून चुकलं होतं की मी चिडले नव्हते. मला पहिल्या दिवसापासून उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या वेळी खुर्चीत बसल्यावर रेश्मा म्हणाली, “मॅडम, हात मांडीखाली ठेवा.”

“काय?”

“दोन्ही हात. बसा त्यांच्यावर. आणि डोळे मिटा.”

“आणि दुखलं तर?”

“पाय हलवा. तुमच्या हातावर माझा विश्वास नाही.”

शेजारची नर्स तोंड फिरवून हसली. मी माझ्या दोन्ही हातांवर बसले आणि डोळे मिटले. तळहात माझ्याच वजनाखाली बधिर झाले. या सगळ्या आजारात मला सगळ्यात कठीण काय गेलं असेल तर ते हे. ऑपरेशन नाही, नळी नाही. दुसऱ्याला त्याचं काम करू देणं.

ज्या दिवशी कळलं

वाईट बातमी टेबलाच्या पलीकडून सांगू नये, हे मी मुलांना शिकवते. आपली खुर्ची उचलावी, पेशंटच्या बाजूला आणून बसावं. त्या दिवशी आम्ही रेश्माच्या केबिनमध्ये गेलो, ती उठली आणि तिने आपली खुर्ची आमच्या बाजूला ओढली. कागद उघडायची गरजच राहिली नाही.

ती नीट, हळू, सोप्या शब्दांत सांगत होती. लवकर सापडलंय. जिभेचा एक भाग काढावा लागेल, मानेतल्या गाठी काढून तपासाव्या लागतील. मकरंद प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. मी एकच विचारलं.

“बोलता येईल?”

“येईल,” रेश्मा म्हणाली. “पहिल्यासारखं नाही.”

लोकांना वाटतं पहिला प्रश्न जगण्यामरण्याचा असेल. माझा नव्हता. मी बोलून जगते. शिकवते ते बोलून, पेशंटची भीती घालवते ती बोलून, नवऱ्यावर प्रेम करते तेही त्याच्याशी भांडूनच. माझी जीभ गेली तर आमच्यात उरणार काय, हे मला खरोखर कळत नव्हतं.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस मी नुसती बोलत सुटले. शाळेतल्या मैत्रिणींना फोन केले. भाजीवाल्याशी, लिफ्टमनशी, क्रेडिट कार्ड विकायला फोन करणाऱ्या मुलीशीसुद्धा अर्धा तास. ती बिचारी शेवटी म्हणाली, “मॅडम, कार्ड नको तर नको, पण ठेवू का आता?” संध्याकाळी घरात पाय ठरायचा नाही. मी मुलुंडच्या गल्ल्यांतून फेऱ्या मारायचे, मकरंद मागून चालायचा, आणि मी पुढे बघत बोलतच राहायचे. साठवून ठेवता येत नाही हे माहीत होतं, तरी.

वॉर्ड

शुद्धीवर आले तेव्हा तोंडात माझी जीभ नव्हती, दुसऱ्याच कोणाची तरी सुजलेली वस्तू होती. नाकात नळी, मानेतून बाहेर आलेली दुसरी नळी, हनुवटीखाली लाळेने भिजलेला टॉवेल. थुंकी गिळता येत नाही म्हणजे काय, हे पेशंटला समजावताना मी किती सहज बोलायचे! ती यंत्राने ओढून घ्यावी लागते, आणि ते यंत्र घशापाशी गेलं की जीव नकोसा होतो. आता मी ते हातात घेते तेव्हा आधी पेशंटला दाखवते, आवाज ऐकवते, मग तोंडात घालते.

दूध, सूप, सगळं नाकातून. चव नाही, फक्त पोट भरल्याची जाणीव. पलंगावर पडवत नव्हतं, उठवत नव्हतं. उशी वर, उशी खाली, पंखा जास्त, पंखा कमी. मकरंदने मला एक पांढरा बोर्ड आणून दिला होता. त्यावर लिहीपर्यंत माझा राग थंड व्हायचा आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

सकाळी रेश्मा राउंडला यायची, मागे शिकणाऱ्या मुलांची रांग. एक मुलगा माझी केस सांगायला उभा राहिला, “चोपन्न वर्षांची स्त्री रुग्ण,” आणि मानेतल्या गाठी कुठल्या कुठल्या थरातून काढल्या ते सांगताना त्याने घोळ घातला. मी बोर्डाकडे हात नेला. रेश्माने नुसतं माझ्याकडे बघितलं. मी हात मागे घेतला. तिनेच त्याला दुरुस्त केलं, न ओरडता, आणि मुलाला कळलंही. मला ते आवडलं नाही, आणि खूप आवडलं.

बाजूच्या पलंगावर गोराईची एक बाई होती. तिचा खालचा अर्धा जबडा काढलेला. दोघींनाही बोलता येत नव्हतं. एकदा माझ्या नाकातली नळी पट्टीतून सुटून गालावर लोंबायला लागली आणि ती हसली, तोंड न हलवता, नुसत्या डोळ्यांनी आणि खांद्यांनी. मग उठली, तिने टॉवेलची जाड घडी करून माझ्या हनुवटीखाली कशी धरायची ते दाखवलं. त्या घडीने माझी मान कोरडी राहिली. त्या दिवसांत यापेक्षा मोठं सुख मला कोणी दिलं नाही.

काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या, त्यांत कॅन्सर नव्हता; मानेतल्या गाठीही स्वच्छ. रेडिएशनची गरज नव्हती. हे ऐकून मकरंद खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बोलता येत नव्हतं म्हणून तेवढंच.

नाकातली नळी निघाली त्या दिवशी रेश्माने थर्मास आणला. तिच्या आईने बोरिवलीहून पातळ पेज पाठवली होती. मी पहिला घोट गिळला, थोडी बाहेर सांडली, थोडी आत गेली. कोमट तांदळाची आणि मिठाची चव लागली. रेश्माने फोन लावून माझ्यासमोर धरला. पलीकडून तिची आई विचारत होती, “मीठ बरोबर आसा मां?” मी मान डोलावली. फोनवर मान दिसत नाही, हे मला नंतर सुचलं.

हो मॅडम

घरी आल्यावर खरी वाट लागली. हॉस्पिटलात सगळे आजारी असतात. बाहेर सगळे धडधाकट आणि घाईत. शब्द तोंडात तयार व्हायचे आणि ओठांपर्यंत येईतो त्यांचा चिखल व्हायचा. स्पीच थेरपिस्टने दिलेले व्यायाम मी चालता चालता, आंघोळ करता करता करायचे, स्वस्थ बसून कधीच नाही. मानेतल्या गाठी काढल्यापासून खांदा उचलला जात नव्हता, मान आखडलेली, पण चीड फक्त जिभेची. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर त्याने माझ्याकडे वळून बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, सुबह सुबह पी के?” मी रिक्षातून उतरले आणि चालत गेले.

कॉलेजात परत गेले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी शिकवायला लागले. मला ऐकू येत होतं की निम्मं कोणाला कळत नाहीये. पण प्रत्येक वाक्याला “हो मॅडम”. शेवटी मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की खालची अक्कलदाढ कानातून काढतात.

“हो मॅडम.”

एका मुलीने ते लिहूनसुद्धा घेतलं.

मी वर्ग सोडला, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. मी हात वर केल्यावर रेश्मा घाबरून थांबली होती, तशीच ही मुलं घाबरून ‘हो’ म्हणत होती. मला घाबरणारी माणसं मला कधीच सांगणार नव्हती की त्यांना माझं बोलणं कळत नाही.

आणि मकरंद? मकरंद तर फारच वाईट वागत होता. तो चांगला वागत होता. सकाळपासून रात्रीपर्यंत हळुवार आवाजात “काय म्हणालीस, शुभा?” दुसऱ्यांदा सांगितलं तरी कळलं नाही तर हसून “हो, हो, तसंच करू.” मी म्हटलं पडदे बदल, त्याने खिडकी लावली. मी म्हटलं दूध संपलंय, तो म्हणाला, बरोबर आहे तुझं. माझ्याशी भांडायला कोणी उरलं नव्हतं. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला वाटायला लागलं की आता हे असंच, उरलेलं सगळं आयुष्य लोक माझ्याकडे बघून प्रेमाने मान डोलावणार आणि मी आत एकटी.

मग एका रविवारी मी कडवे वाल सोलायला बसले. बिरडं करायचं होतं. मला आता चावता येत होतं, उजव्या बाजूने, हळू, पण येत होतं. सोलून, फोडणी देऊन, शिजवून मी जरा आडवी झाले. उठून येते तर मकरंदने अख्खं बिरडं मिक्सरमध्ये घालून फिरवलेलं. हिरवट राखाडी लगदा. त्यावर त्याने वरून खोबरं भुरभुरवलं होतं, सजावट म्हणून.

माझं डोकंच फिरलं.

“हे काय केलंस?”

“तुला गिळायला सोपं जावं म्हणून—”

“कोणी सांगितलं? मला विचारलंस? मी सकाळपासून एकेक वाल सोलतेय आणि तू त्याची चटणी केलीस!”

“सोललेस तू, पण भिजवले कोणी? मोड कोणी आणले? दोन दिवस फडक्यात मीच बांधून ठेवले होते ना!”

“मोड वालांना आपोआप येतात, तुझ्यामुळे नाही!”

“हो का? मागच्या वेळी तू ठेवलेस तेव्हा वास आला होता. बोललो का मी?”

“बोलायचं होतंस!”

“कसा बोलणार? तू ऐकतेस कुठे कोणाचं? त्या रेश्मालासुद्धा हात दाखवलास! माझी काय अवस्था झाली होती माहितीये तुला? तुला काही झालं असतं तर मी काय करणार होतो, या एवढ्या घरात, एकटा?”

“मग ते सांग ना! माझं जेवण कशाला वाटतोस मिक्सरमध्ये!”

“सांगतोय ना आता!”

“ओरडू नकोस माझ्यावर!”

“तू ओरडतेयस!”

खरंच होतं. मी ओरडत होते. हनुवटीवरून लाळ गळत होती, जिभेचा टाक्यांचा भाग ठणकत होता, श्वास पुरत नव्हता. मकरंदचा चेहरा लाल झाला होता आणि मिक्सरचं झाकण त्याच्या हातात होतं. खालच्या मजल्यावर कोणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत धापा टाकत उभे होतो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या सगळ्यात त्याने मला एकदाही विचारलं नव्हतं, काय म्हणालीस म्हणून.

त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने झाकण ओट्यावर ठेवलं.

“अजून आहे काही?” त्याने विचारलं.

“खूप आहे,” मी म्हटलं.

“मग बोल ना!” तो ओरडला.

मी बोलले.